टायगर मॉथ मराठवाड्यात दुरुस्त होऊन उडेल का?

ओळंबा (धागाकर्ता)

मंडळी, १९३०च्या दशकातलं एखादं बायप्लेन, म्हणजे एकावर एक दोन पंखांचं, लाकूड-कापड-तारांचं विमान, संभाजीनगर किंवा जालन्याच्या एखाद्या गाळ्यात उडण्याच्या लायकीचं करता येईल का? हौसेपोटी विचारतोय, पण थट्टा करत नाहीये.

डोळ्यांपुढं डी हॅविलंडचं टायगर मॉथ आहे. २६ ऑक्टोबर १९३१ला पहिल्यांदा उडालं, पुढं ८,०००हून जास्त तयार झाली. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्या हवाई दलाची पोरं आणि फ्लाइंग क्लबांतले शिकाऊ याच्यावरच घडले. सांगाडा स्टीलच्या नळ्यांचा, पंख स्प्रूस लाकडाचे, वरून कापड. इंजिन जिप्सी मेजर: चार सिलिंडर, उलटं टांगलेलं, हवेनं थंड होणारं, १३० अश्वशक्ती. रिकाम्या विमानाचं वजन ५०० किलोच्या आसपास.

आता यातलं कुठलं काम आपल्याकडं होत नाही ते सांगा. वाळूजला पातळ नळीवर टिग वेल्डिंग करणारे हात आहेत. टूलरूममध्ये मायक्रॉनखाली न बोलणारी पोरं आहेत. सुतार आहेत, शिलाईवाले आहेत. हवा कोरडी, त्यामुळं गंजाची कटकट कमी. तरी हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटचं टायगर मॉथ, एचयू-५१२, दुरुस्तीला ब्रिटनमध्ये न्यावं लागलं आणि मग २०१२च्या हवाई दल दिनाला हिंडनवर उडालं. अडतं कुठं?

जालना_सळई

पैशावर अडतं, दुसरं काय. आमच्याकडं पाणी आठवड्यातून एकदा, आणि तुम्ही विमान काढा. चालू द्या.

ओळंबा

सळईशेठ, पाण्याच्या धाग्यावर मीही लिहितो. हा धागा विमानाचा आहे.

नांदेडी_तडका

जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल आणलं ते हेच बायप्लेन ना? त्याचं एखादं शिल्लक असेल तर तेच आणा, नाव तरी होईल.

गोदाकाठ

ते पुस मॉथ, एकाच पंखाचं. १५ ऑक्टोबर १९३२, कराची ते अहमदाबाद ते जुहू. पुढं बेल्लारी-मद्रासला ते नेव्हिल व्हिंटसेंट घेऊन गेले. १९८२ला जेआरडींनी तोच प्रवास पुन्हा केला तो लेपर्ड मॉथमधून, तेही एकपंखी. त्यांच्या आयुष्यातली बायप्लेनची गोष्ट हवी असेल तर १९३०ची आगाखान स्पर्धा घ्या. जिप्सी मॉथ घेऊन जेआरडी भारतातून इंग्लंडकडं निघालेले, ॲस्पी इंजिनियर (हे आडनाव) तिकडून इकडं येत होते. इजिप्तमध्ये अबुकीरला ॲस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडलेले. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग दिला. स्पर्धा ॲस्पींनी जिंकली, आणि १९६०ला ते हवाई दलाचे प्रमुख झाले.

आता मूळ प्रश्न. मी विमान देखभालीत आयुष्य काढलं, परवानाधारक एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता, होतो, आता पैठणला शेती बघतो. ओळंबाभाऊ, तुम्ही हातांची यादी दिली ती बरोबर आहे. हात आहेतच. अडतं ते वस्तूच्या वंशावळीवर.

पंखाची मुख्य तुळई, म्हणजे स्पार, सिटका स्प्रूसची असते. ते लाकूड दिसायला पांढुरकं, कुणी फुकट दिलं तर पेटीला वापराल असं. पण वजनाच्या मानानं त्याची ताकद विलक्षण. फळी निवडताना काय बघतात ऐका: रेषा लांबीला धरून किती तिरक्या जातात, तर १५ इंचांत एका इंचापेक्षा जास्त नको. एका इंचात वाढीची वलयं निदान ६ हवीत. गाठ, राळेची पोकळी, दाबून चिरडल्याची आडवी खूण दिसली की फळी बाद. ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास. हे सगळं तपासून ज्यानं सही केली त्याची सही, ज्या ओंडक्यातून फळी निघाली त्याचा क्रमांक, कुठल्या दिवशी कुठल्या गोंदानं चिकटवली, त्या दिवशीचं तापमान, हे सगळं त्या पंखाच्या फाइलीत. आणि त्याच गोंदाचे नमुना-जोड करून मोडून बघायचे. मोडताना लाकूड फाटलं पाहिजे. गोंदाची रेघ सुटली तर त्या दिवशीचं सगळं काम रद्द.

तुमचा टूलरूमचा पोरगा बोल्ट अप्रतिम करील. पण तो बोल्ट कुठल्या पोलादाचा, त्या पोलादाचं प्रमाणपत्र कुठाय, उष्णता-प्रक्रिया कुणी केली, आणि मूळ रेखाचित्राची कितवी आवृत्ती धरून केला, याचं उत्तर नसेल तर तो बोल्ट विमानासाठी भंगार. टायगर मॉथच्या रेखाचित्रांची आणि तांत्रिक सूचनांची जबाबदारी आज डी हॅविलंड सपोर्ट नावाच्या कंपनीकडं आहे, डक्सफर्डला. त्यांच्याशी पत्रव्यवहार केल्याशिवाय नट सुद्धा फिरवू नका.

वाळूजचा_फिटर

काका, हे जरा जास्तच होतंय. बोल्ट तो बोल्ट. आमच्या कंपनीतला माल जर्मनीला जातो.

गोदाकाठ

जर्मनीला जातो तेव्हा सोबत मटेरियल सर्टिफिकेट जातं ना? मग तेच मी सांगतोय.

आणि जास्त होत नाही, हे उदाहरण बघा. टायगर मॉथच्या सांगाड्यात, खालचे पंख जिथं जोडलेत तिथं आडव्या सळ्या असतात, टाय-रॉड. डाव्या-उजव्या पंखाचा ताण त्यांच्यातून जातो. २०१३च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात एका टायगर मॉथचा पंख हवेतच सुटला, दोघं गेले. चौकशीत या सळ्या थकून तुटलेल्या निघाल्या. त्या मूळ कारखान्याच्या नव्हत्या, नंतर बनवलेल्या होत्या. बाहेरून बघून कुणाला काही कळलं नसतं.

लातूरची_तूर

सागवान वापरलं तर? आमच्या आजोबांच्या वाड्याच्या तुळया शंभर वर्षं झाली, वाळवी लागली नाही का वाकल्या नाहीत. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "कशाला परदेशी लाकडाच्या मागं लागूलालाव?"

गोदाकाठ

सागवान घनमीटरला साडेसहाशे किलोच्या घरात, स्प्रूस सव्वाचारशेच्या आसपास. वाड्याला उडायचं नसतं. शिवाय सागाला तेलकटपणा, गोंद धरताना त्रास देतो. मिस्त्रीला मात्र सोडू नका, हाताला रेषा कळणारा माणूस पुढं लागेल.

गोंदावरून आठवलं, कोरड्या हवेचा एवढा अभिमान नको. जुन्या विमानांत दुधातल्या केसीनचा गोंद असायचा. त्याला ओल लागली की बुरशी धरते. दुसऱ्या महायुद्धात भारत-ब्रह्मदेश आघाडीवर मॉस्किटो ही लाकडी विमानं १९४४ला जमिनीवर बसवावी लागली, जोड सुटत होते. दमट हवा आणि कारखान्यातलं ढिसाळ चिकटकाम, दोन्ही नडलं. आपल्याकडं उलटा ताप: एप्रिलात हवा इतकी कोरडी की लाकूड आकसतं आणि बोल्टखालची पकड सैल होते, मग आषाढात तेच फुगतं. म्हणजे वर्षातून दोनदा सगळी पकड तपासणं आलं. आता रेसॉर्सिनॉल किंवा इपॉक्सी वापरतात, पण जुना पंख हाती आला तर आतला गोंद कुठला, हे उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून कापड फाडून नागडा सांगाडा बघणं ही पहिली पायरी. रंग चकचकीत आहे म्हणून विकत घेणाऱ्यांची घरं गेलेली आहेत.

बीडचा_बबन्या

मंडळी, या सगळ्याच्या आधी शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ला चौपाटीवर विमान उडवलं होतं, ते कुणी सांगणार का नाही? राइट बंधूंच्या ८ वर्षं आधी! वैमानिक शास्त्रात सगळं दिलंय.

टेलव्हील

त्या ग्रंथातल्या विमानांचा बेंगळुरूच्या आयआयएससीतल्या अभ्यासकांनी १९७४ला हिशेब मांडला होता. ती उडणं शक्य नाही असा निष्कर्ष निघाला. मराठी माणसाचा अभिमानच हवा असेल तर विष्णू माधव घाटगे घ्या, कोल्हापूरकडचे. त्यांच्या हाताखाली एचएएलचं एचटी-२ हे प्रशिक्षणाचं विमान तयार झालं, १९५१ला उडालं, आणि हवाई दलात टायगर मॉथची जागा त्यानंच घेतली.

संपादक

तळपदेंवर जुना धागा आहे, ४०० प्रतिसादांचा. तिकडं जा. इथले पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

जालना_सळई

निदान प्रतिसाद तरी उडतील.

सुईदोरा

कापडाचं कुणी बोललं नाही, मी बोलते. माझं शिक्षण टेक्स्टाइलचं, आता हिमरू कापडावर काम करते. एका परदेशी कार्यशाळेत विमानाला कापड चढवायला शिकले होते.

पूर्वी आयरिश लिनन किंवा लांब धाग्याचं सुती कापड असायचं. ते पंखावर ताणून शिवायचं आणि वरून डोप लावायचं. डोप म्हणजे सेल्युलोजचं वार्निश, वाळताना आकसतं आणि कापड ताशासारखं ताठ होतं. (वासानं डोकं भणभणतं, आणि नायट्रेट जातीचं असेल तर एका ठिणगीनं भडकेल इतकं पेटकं. त्या गाळ्यात बिडी ओढणाऱ्याला दारातच अडवा.) शेवटच्या थरांत ॲल्युमिनियमची पूड मिसळतात. जुनी विमानं चंदेरी दिसतात ती त्यामुळं, पण ती शोभेसाठी नसते. ऊन कापडापर्यंत पोचू नये म्हणून असते. आपल्या उन्हात ते थर चुकवून चालणारच नाही.

आता बहुतेक जण पॉलिएस्टर वापरतात. ते इस्त्रीनं आकसवायचं: आधी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास, मग १७५पर्यंत. त्यावर गेलं तर कापड पुन्हा सैल पडतं आणि परत आकसत नाही. घरच्या इस्त्रीची चकती काहीही दाखवते, म्हणून तापमापक लावून इस्त्री आधी तपासायची.

पण खरं काम बरगड्यांना टाके घालायचं. वरचं कापड, बरगडी, खालचं कापड, यांतून मेणाचा दोरा लांब सुईनं आरपार काढून दर टाक्याला गाठ. पुढचा पंखा (प्रोपेलर) फिरतो त्याच्या मागच्या भागात टाके अडीच इंचांवर वगैरे, बाकी थोडे लांब. पंखाच्या वरच्या अंगाला हवा कापडाला वर ओढत असते, टाके सुटले तर कापड फुग्यासारखं सुटून पंखाचा आकारच जातो. एक बाई या बाजूला, एक त्या बाजूला, मधे पंख उभा. दोघींचा हात जमला तर काम पळतं. गोधड्या शिवणाऱ्या आमच्याकडच्या बायका हे काम माझ्यापेक्षा सरस करतील याबद्दल मला शंका नाही. त्यांना फक्त ती गाठ शिकवावी लागेल.

गोदाकाठ

ताई, एकच जोड. टाके घातल्यावर बंद करायच्या आधी एएमईला दाखवायचं. कापड झाकलं गेलं की आत काय राहिलं ते देवाला माहीत. एका जुन्या विमानाच्या पंखात आम्हाला पक्कड सापडली होती.

परभणीकर

अवांतर: पहिल्या महायुद्धातल्या विमानांत इंजिनाला एरंडेल घालायचे हे खरं का?

टेलव्हील

खरं. रोटरी इंजिनं होती, अख्खं इंजिनच पंख्यासोबत गरगर फिरायचं. पेट्रोलमध्ये न मिसळणारं तेल हवं म्हणून एरंडेल. ते जळून-न जळून मागं वैमानिकाच्या तोंडावर. नाकातोंडात गेल्यावर जे व्हायचं ते व्हायचंच. ब्रिटनमध्ये ओल्ड वॉर्डनला शटलवर्थ संग्रहात अशी इंजिनं आजही चालवतात, तिथं १९०९चं ब्लेरिओसुद्धा आहे. बांधावरचा एरंड राखून ठेवा.

आता उडवण्याबद्दल, कारण मी शिकवतो आणि टायगर मॉथवर थोडे तास केलेत.

दोन पंख का? त्या काळी इंजिनं कमजोर आणि पंख पातळ. पातळ पंख एकटा वाकतो. दोन पंख, मधे खांब आणि तिरक्या तारा घातल्या की रेल्वेच्या पुलासारखी पेटी तयार होते. ऑक्टेव्ह शनूट पुलांचाच इंजिनियर होता, त्यानं १८९६ला ग्लायडरवर हे वापरलं. किंमत मोजावी लागते ती हवेच्या अडथळ्यानं. इंजिन बंद झालं की टायगर मॉथ फार लांब घसरत जात नाही, नाक खाली घालून समोरचं शेत निवडायचं.

तारांची जुळवणी हे वेगळंच शास्त्र आहे. धागाकर्त्याचं नाव ओळंबा आहे म्हणून सांगतो, तिथं खरोखर ओळंबा लागतो. विमान समपातळीत उभं करायचं, वरच्या पंखावरून ओळंबे सोडायचे, वरचा पंख खालच्याच्या किती पुढं आहे ते मोजायचं, मग कोन. एक तार ताणली की दुसरी ढिली पडते. बाजेची नवार ओढणाऱ्याला हे लवकर कळेल. चुकलं तर विमान हातातून सतत एकीकडं ओढ घेतं.

सुरू करायला स्टार्टर नाही, एकानं पुढं उभं राहून पंखा हातानं फिरवायचा. सिलिंडर उलटे असल्यानं रात्रभर त्यांत तेल उतरतं, म्हणून स्विच बंद ठेवून आधी पंखा हळूहळू फिरवून घ्यायचा. नाही तर तेल दाबलं जात नाही आणि आतलं काहीतरी वाकतं. पुढच्या आणि मागच्या जागेत बोलायला रबरी नळी. एकट्यानं उडवायचं तर मागच्या जागेवरून. एलेरॉन, म्हणजे विमान कलतं करणाऱ्या पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा, फक्त खालच्या पंखांना. वळताना पायानं रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दिलं नाही तर नाक उलटीकडं जातं. आजकाल ट्रेनर विमानांवर शिकलेली पोरं पाय विसरलेली असतात, हे विमान त्यांना दहा मिनिटांत पाय आठवून देतं.

आणि ब्रेक नाहीत. मूळच्या विमानाला शेपटीला चाकसुद्धा नाही, लोखंडी घसरण आहे. काँक्रीटवर ती नुसती घसरते, वळवणार कसं? गवताच्या मैदानासाठी केलेलं ते विमान. चिकलठाण्याच्या धावपट्टीवर मोठ्या विमानांच्या रांगेत हे नेण्याची कल्पनाच सोडून द्या.

लातूरची_तूर

शेत आहे की. आमचं काळं रान दोन एकर सपाट आहे.

टेलव्हील

काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल. चाक भेगेत गेलं की विमान नाकावर. मुरूम टाकून दाबलेली पट्टी हवी, पण खडा उडाला की लाकडी पंख्याची धार फुटते. वर गवत धरलं तर उत्तम, आणि गवताला पाणी. इथं सळईशेठ हसतील.

दुसरं, आपली उंची आणि ऊन. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून ५८० मीटरवर. मे महिन्यात ४२ अंशांना हवा इतकी विरळ होते की विमानाला ती १,७०० मीटरवरची वाटते. १३० अश्वशक्तीतले हाती येतात ११०च्या आसपास, आणि पंखाचंही बळ तेवढंच कमी. दोन माणसं, भरलेली टाकी, मे महिन्याची दुपार, हा बेत बांधावरच्या बाभळीत संपतो. डिसेंबरातल्या सकाळी १२ अंशांना मात्र तेच विमान खुशीत उठतं. म्हणजे दिवाळी ते शिवरात्र, सूर्य उगवल्यापासून नऊपर्यंत, वारा उठायच्या आत. एवढाच हंगाम.

पेट्रोल तासाला साधारण ३० लिटर, वरच्या पंखातल्या टाकीत ८६ लिटर मावतं. इंधनाची पूर्वी फार ओढाताण होती, २०२२पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याला एव्हगॅस १००एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, बनवतंय. तरी पिंपं आणून साठवायची तर परवाने आलेच.

परभणीकर

निजामाच्या काळात आपल्या भागात विमानं होती का? आजी सांगायची, पोलीस ॲक्शनच्या वेळी वरून विमानं गेली म्हणून.

गोदाकाठ

१९४८चा सप्टेंबर, १३ ते १७. तेव्हा ती विमानं भारतीय हवाई दलाची, टेम्पेस्ट वगैरे, एकपंखी लढाऊ. निजामाच्या राज्यात हैदराबादला बेगमपेटचा विमानतळ होता आणि १९४५पासून डेक्कन एअरवेज होती, डकोटा विमानं चालवायची. प्रेम माथुर यांना वैमानिक म्हणून घेतलं ते याच कंपनीनं, बाकीच्यांनी बाई म्हणून दारातून परत पाठवल्यावर. लढाऊ बायप्लेनबद्दल म्हणाल तर हवाई दलाची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ला कराचीत चार वापिटींवर उभी राहिली. त्या जातीचं जगात शिल्लक राहिलेलं एकमेव विमान दिल्लीत पालमच्या संग्रहालयात आहे. बघून या. लाकूडकामाला वेगळा आदर वाटायला लागेल.

ओळंबा

सगळं दोनदा वाचलं. उडणारं विमान आत्ता बाजूला ठेवतो. पण नुसतं हात चोळत बसायचंही जीवावर येतं. काका, कुठून सुरू करू?

गोदाकाठ

पंखाच्या एका खणापासून. दोन तुळया, चार-पाच बरगड्या, मधल्या तारा, वर कापड. हे उडणार नाही, त्यामुळं कुणाची परवानगी लागत नाही, पण फाइल मात्र उडणाऱ्या पंखासारखीच ठेवायची. फळीचा क्रमांक, ओलाव्याचा आकडा, गोंदाचा गट, मोडलेल्या नमुन्यांचे फोटो. आयटीआयच्या किंवा इंजिनिअरिंगच्या पोरांना हाताशी धरा. एका खणाची फाइल नीट झाली तर कुणा मालकापुढं, कुणा क्लबापुढं ठेवायला तुमच्याकडं काहीतरी असेल. विमान विकत घेऊन मग शिकणारे मी बरेच बघितले. त्यांची विमानं ताडपत्रीखाली आहेत.

खण झाला की उलटा टांगायचा आणि वजन टाकत मोडेपर्यंत न्यायचा. जुन्या कारखान्यांत हे वाळूच्या पोत्यांनी करायचे.

वाळूजचा_फिटर

फिटिंग मी करून देतो. सर्टिफिकेटसहित, काका. ओलावा मोजायचं मीटर कंपनीतल्या पॅकिंगवाल्याकडं आहे.

सुईदोरा

कापड चढवायच्या वेळी मला बोलवा. दोन मावश्या घेऊन येते, मजुरी द्यावी लागेल.

ओळंबा

मजुरी देऊ. स्प्रूसची फळी मागवायला टाकतो, येईपर्यंत बरगडीचा साचा करून ठेवू. पण वाळू कुठून आणायची? गोदावरीचा लिलाव बंद आहे आणि चोरीची मी घेणार नाही.

लातूरची_तूर

ज्वारी भरा पोत्यात. पन्नास किलोचा कट्टा, वजन काट्यावरचं, पावतीसहित. पंख मोडला तरी ज्वारी वाया जात नाही.

जालना_सळई

सळई घ्या ना. मीटरला वजन ठरलेलं, पावती मी देतो. फुकट नाही, पण परत घेईन.